भाताच्या बांधापलीकडे

मुलुंडहून सहार विमानतळावर निघाले, तेव्हा अमेरिकेत भातशेती बघायला मिळेल असं स्वप्नातही नव्हतं. धाकटी बहीण सुधा साउथ कॅरोलायनात राहायची. पहिल्याच रविवारी तिने मला नदीकाठच्या एका जुन्या प्लँटेशनवर (गुलामांच्या श्रमांवर चाललेली मोठी शेती) नेलं.

धुकं अजून विरलं नव्हतं. ओकच्या झाडांवरून राखाडी शेवाळ जटांसारखं लोंबत होतं. आपण चालतोय की तरंगतोय, कळेना. पांढरा बंगला दाखवून झाल्यावर गाइड म्हणाला, "इंग्रजांच्या अमलात इथल्या मालकाने ही दलदल भाताखाली आणली."

समोर लांबच लांब मातीचा बांध, मधे ट्रंक (भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायचं लाकडी दार). थेट आमच्या मालवणकडचं खाडीकाठचं खाजण! लहानपणी वडिलांबरोबर मी बांधावर राबलेय. चिखल कमरेपर्यंत येतो. मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "मालकाने स्वतः?"

मागे एक काळ्या वर्णाची आजीबाई खुदकन हसली. रूथ तिचं नाव. "माझ्या माणसांनी," ती म्हणाली. "आफ्रिकेत ते भातच पिकवायचे. म्हणून तर धरून आणले."

त्यांतलीच तिची एक पूर्वज बांधापलीकडे पुरलेली होती; रूथला तिथे जायचं होतं. गाइडने मान हलवली. तिकडे जायला बंदी. रूथ वाटेत आडव्या बांधलेल्या दोरीपाशी थिजली.

मी दोरी वर उचलली.

"ताई, काय करतेयस? पोलीस बोलावतील ना!" सुधा कुजबुजली.

"बोलावू दे. चल गं."

झाडीत ना दगड, ना नाव. नुसते थडग्यांचे खळगे, त्यांवर खूण म्हणून ठेवलेले शिंपले आणि फुटक्या बश्या. रूथने रुमालातून मूठभर तांदूळ आणले होते, एकीसाठी.

"यातली माझी कुठली?" ती पुटपुटली. मग निम्मे माझ्या ओंजळीत ओतले. आम्ही प्रत्येक खळग्यावर चार-चार दाणे ठेवत गेलो. दाणे संपले, धुक्यात खळगे दिसतच राहिले. रूथ तिथेच बसून रडली. मागोमाग गाइड आला. टोपी काढून उभा राहिला.

महिन्याने परतले. विमानतळाबाहेर पडेतो उजाडलं होतं. साकीनाक्याला रस्ता खणलेला, टॅक्सी अडली. बायका घमेली वाहत होत्या. इतकी वर्षं इथून जातेय, कधी कुणाशी बोलले नव्हते. काच खाली करून एकीला नाव विचारलं.

"शेवंता. का ओ बाई?"

टॅक्सी सुटली, तरी घर येईपर्यंत ते नाव मी मनात घोळवत राहिले.