देसांकाच्या झाडावरची घुबडं

देसांका माझी शेजारीण. आमच्या किकिंडा गावच्या कौलांच्या कारखान्यात तिने तीस वर्षं भट्टीपाशी काढली. बोलायला खणखणीत बाई, पण त्या हिवाळ्यात तिचं डोकं पार चक्रावलं.

थंडी पडली की तिच्या अंगणातल्या पाइनवर घुबडं येऊन बसायची. दिवसभर पेंगायची आणि खालच्या धुतलेल्या चादरींवर शिटायची. घरावर घुबड बोललं की माणूस जातो म्हणतात. तिचा नवरा मिलोराद गेला तो घुबडं पहिल्यांदा आली त्याच वर्षी. शेवटी तिने करवतवाल्याला सांगितलं, "शनिवारी ये, झाड पाडून टाक."

शुक्रवारी सकाळी फाटकाशी नऊ परदेशी माणसं उभी. दुर्बिणी तिच्या स्वयंपाकघराच्या दिशेने रोखलेल्या. पडदा ओढून ती मागच्या दाराने माझ्याकडे आली.

"अगं, ही माणसं माझ्या घरात काय बघतायत? घर विकायला काढलंय का मी?"

"घुबडं बघतायत गं. त्यासाठी विमानाने आलीत."

"घुबडं? त्यांच्याकडे मेलं कुणी मरत नाही वाटतं!"

आम्ही दोघी बाहेर गेलो. त्यांच्यासोबतची दुभाषी बाई हसून म्हणाली, "काकू, किती नशीबवान तुम्ही!"

"विधवा आहे मी," देसांका म्हणाली.



त्या घोळक्यात एक म्हातारा डच माणूस होता. त्याचे पाय लटपटत होते. देसांकाने कुरकुरतच आतून स्टूल आणून दिलं. तो बसला आणि आपली तिवईवरची मोठी दुर्बीण एका घुबडावर रोखून त्याने तिला खुणेने बोलावलं. तिने वाकून डोळा लावला. समोर भलामोठा नारिंगी डोळा. तो सावकाश मिटला, पुन्हा उघडला.

"अगंबाई, ह्याने मला डोळा मारला!"

ती खदखदून हसली. शब्द न कळताही सगळे हसले. मग आपण हसलो म्हणून तिला स्वतःचाच राग आला आणि ती तरातरा घरात निघून गेली.

शनिवारी करवतवाला आला.

"पाडू?"

"थांब. मला काही कळेनासं झालंय."

"काकू, मी झाडाचं विचारतोय."

"झाडाचंच सांगतेय, मूर्खा!"

बराच वेळ ती झाडाखाली उभी राहिली. शेवटी कपड्यांच्या दोरीवर आलेली तेवढी एक फांदी तिने कापून घेतली.

"बाकीचं राहू दे. का ते विचारू नकोस. मलाच ठाऊक नाही."

तो गेल्यावर मी विचारलं, "आता भीती नाही वाटत?"

"वाटते ना! आज तुझ्याकडेच झोपणार आहे."

आणि खरंच, अंधार पडायच्या आत उशी बगलेत मारून ती आली.