मुंगीचं इंजिन

फोरमनच्या दारात दोन गाड्या होत्या. चालायची ती लेकीची आणि चालत नव्हती ती त्याची.

त्याची म्हणजे दोन सीटांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी, पुढे पाचरीसारखी निमुळती स्पोर्ट्स कार. लग्नाआधी हौसेनं घेतलेली. तिचं इंजिन बॉनेटखाली नव्हतं, सीटांच्या मागे, थेट चालवणाऱ्याच्या पाठीशी होतं. काही वर्षं ती झकास पळाली. मग एका उन्हाळ्यात पाण्याचा पाइप फुटला, इंजिन तापून तडकलं आणि गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर चढली ती चढलीच. फोरमन दिवसभर बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्यांची इंजिनं उघडायचा आणि घरी येऊन आपल्या गाडीवरची धूळ पुसायचा. बायको म्हणायची, "गावाच्या म्हशी दुभत्या करायच्या, नि आपली दारात भाकड."

लेक एकुलती एक. लहानपणी शेडमधले नट-बोल्ट एकेक करून उचलायची आणि घरात नेऊन उशीखाली ठेवायची, म्हणून तिला मुंगी नाव पडलं. मोठी झाली, पोहण्याच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवू लागली, तरी नाव काही सुटलं नाही. स्वतःची गाडी घेतली तीही मुंगीएवढीच, पण टर्बोवाली. पहिल्याच दिवशी बापाला शेजारी बसवून उड्डाणपुलाच्या चढावर तिनं पाय दाबला. फोरमनचं डोकं मागे सीटवर आपटलं.

"काय बाबा? एवढंसं इंजिन, पण दम बघ!"

"टर्बो म्हणजे उसनं अवसान."

"उसनं कसलं? धुराबरोबर जो जोर वाया जातो, त्याच्यावरच पंखा फिरतो नि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. सगळं घरचंच. तुझ्या त्या म्हातारीत असलं एखादं बसव. नाहीतर दे भंगारात."

"तिच्यात तिचंच इंजिन बसेल. पार्ट मिळाले की."

"मिळाले की! माझी नातवंडं शोधत फिरतील तुझे पार्ट."

हा वाद जेवताना निघायचा आणि ताटं उचलेपर्यंत चालायचा. आई मध्ये पडायची नाही. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. घरी आली की म्हणायची, "दिवसभर यंत्राची घरघर ऐकते, आता तुम्हा दोघांची."

मग एके सकाळी मुंगी सिग्नलला थांबली होती. मागून पाण्यानं भरलेला टँकर आला आणि त्याचे ब्रेक लागले नाहीत. एवढंच झालं. तिची चूक नव्हती, घाई नव्हती, काहीच नव्हतं. गाडीचा मागचा अर्धा भाग चुरगळून पुढच्या सीटपर्यंत आला.

हॉस्पिटलात ती काही दिवस होती. आई कानाशी वाकून हाका मारायची. डॉक्टर डोळ्यांत बॅटरी मारून बघायचे, तळव्याला टोचून बघायचे. फोरमन पायाशी उभा राहायचा. तिनं डोळे उघडले नाहीत. शेवटी डॉक्टरांनी दोघांना बाजूला बोलावलं आणि मग यंत्रं बंद केली.

घर गप्प झालं. कोणी कोणाला दोष दिला नाही. दिला असता तर निदान आवाज तरी झाला असता. सकाळी ती दुकानात जायची, तो वर्कशॉपला. संध्याकाळी दोन ताटं वाढली जायची आणि दोन ताटं विसळली जायची. एकदा तिनं चुकून तिसरं काढलं, पाहिलं, आणि परत मांडणीत ठेवलं. त्यानंही पाहिलं. दोघं जेवली.

गाडीचा सांगाडा भंगारवाल्याकडे गेला होता. कसलीशी सही राहिली म्हणून फोरमनला बोलावणं आलं. सही करून तो निघालाच होता, पण पाय वळले. सांगाडा एका ट्रकच्या आडोशाला होता. मागून बघवत नव्हता, पण पुढून गाडी अगदी धड होती. दिव्याची काचसुद्धा फुटली नव्हती. त्यानं बॉनेट उघडलं. इंजिन स्वच्छ होतं. पाणी खुणेवर, ऑइल खुणेवर. कुठे ओरखडा नाही.

"हे पण भट्टीतच जाणार का?" त्यानं विचारलं.

"दोन-चार दिवसांत," भंगारवाला म्हणाला. "का? पाहिजे होतं?"

फोरमननं ऑइलची काडी पुसून परत जागेवर घातली. मग म्हणाला, "इंजिन, गिअरबॉक्स, सगळं वायरिंग. समोरचा मीटर, किल्लीचं कुलूप पण. आणि अॅक्सिलरेटरचं पेडल."

"पेडल कशाला?"

"त्या गाडीला तार नसते. पेडलमधून इंजिनाच्या कॉम्प्युटरला निरोप जातो. तेच लागतं."

हे खरंच होतं. पण पेडलच्या रबरावर उजव्या बाजूला तिच्या बुटानं पडलेली झीज त्यानं पाहिली होती, हेही खरं.

बायकोनं टेम्पो दारात थांबलेला खिडकीतून पाहिला. ताडपत्रीखाली काय आहे ते तिला विचारावं लागलं नाही. ती आत गेली आणि तिनं शेडकडची खिडकी लावून घेतली. पुढे कित्येक महिने ती उघडली नाही.

काम सोपं नव्हतं. जुनं इंजिन काढायला वर्कशॉपमधले दोघे सुट्टीच्या दिवशी आले, चेनपुली लावून त्यांनी ते वर उचललं. नवं आडवं बसणार होतं, जुनंही आडवंच होतं, एवढं एक बरं. बाकी काहीच कशाशी जुळत नव्हतं. आधाराचे पाय नवे बनवावे लागले. चाकांकडे जाणारे दांडे अर्धे जुन्या गाडीचे, अर्धे नव्या गाडीचे, असे लेथवाल्याकडून जोडून आणले. टर्बोतून निघणारी तापलेली हवा थंड करणारी जाळी कुठे बसवायची यातच दोन महिने गेले. रेडिएटर गाडीच्या नाकात आणि इंजिन शेपटाकडे. पाण्याचे पाइप तळातून पुढपर्यंत नेले. या वेळी रबराचे नाहीत, धातूचे.

मेहुणा एकदा येऊन बघून गेला. बायकोचा भाऊ म्हणून त्याला बोलायचा हक्क होता.

"दाजी, राग मानू नका. पण घरात ताई एकटी बसते आणि तुम्ही इथं लोखंडाला मिठी मारून."

"तिला बोलव ना इथं."

"ती येईल का?"

"नाही येणार," फोरमन म्हणाला आणि पुन्हा गाडीखाली सरकला. खाली त्याला बरं वाटायचं. उताणं पडलं की डोळ्यांवर ऑइल टपकतं, पुसावं लागतं, आणि का पुसतोय ते कोणी विचारत नाही.

वायरिंगला त्यानं गाड्यांचा इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याला सगळे शॉर्टसर्किट म्हणायचे, कारण काम सुरू होण्याआधीच त्याची ठिणगी पडायची. पण त्या दिवशी तो एकदाही भडकला नाही. वायरींचं भेंडोळं त्यानं शेडभर पसरलं, एकेक सोडवली, जोडली. शेवटी बॅटरी लावली. मीटर उजळला आणि त्यात एअरबॅगचा लाल दिवा पेटून राहिला.

"हा कशाचा?"

"आदळल्याची नोंद आहे आत," शॉर्टसर्किट खाली बघत म्हणाला. "आता हा असाच राहणार. मागून काळी पट्टी लावू का? दिसणार नाही."

"राहू दे."

शॉर्टसर्किटनं दोन वायरी जोडून स्टार्टर फिरवला. इंजिन गुरगुरलं, क्षणभर पेटलं, आणि विझलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"किल्ली कुठाय हिची?" शॉर्टसर्किटनं विचारलं. "मूळची किल्ली. तिच्यात चिप असते. कॉम्प्युटरला आपली किल्ली ओळखू आली तरच तो पेट्रोल सोडतो, नाहीतर चोर समजून बंद पाडतो."

"एकच होती. हॉस्पिटलातून मिळालेल्या पिशवीत."

"मग पिशवी?"

फोरमननं घराकडे पाहिलं. शॉर्टसर्किट समजला. "दुसरा कॉम्प्युटर टाकू," तो हळूच म्हणाला. "ही किल्ली लागणारच नाही. विचारायची गरज नाही."

पण फोरमन हात पुसून घरात गेला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच शेडमधले हात घेऊन तो तिच्यासमोर उभा राहिला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अगं, ती किल्ली हवी होती."

ती घडी घालत राहिली. "आणि नाही दिली तर?"

"तर सुरू होणार नाही."

"अहो, तुम्हाला इंजिन मिळालं. नट मिळाले, बोल्ट मिळाले. रोज हात लावायला काहीतरी मिळालं. मला काय मिळालं? एक पिशवी. त्यातलीही एक वस्तू तुम्हाला पाहिजे?"

"नको असेल तर राहू दे."

"नाही, बोलायला लागलाच आहात तर बोला. ती गेली आणि इंजिन वाचलं. त्याच्याकडे बघून तुम्हाला बरं वाटतं?"

तो दाराच्या चौकटीला टेकला. "नाही. पहिल्या दिवशी वाटलं होतं घण घालून फोडावं. मग वाटलं, फोडलं तर उद्या काय करायचं?"

तिनं घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली. मग उठून कपाटातून पिशवी काढली. पिशवीत घड्याळ होतं, तलावाच्या दाराचं कार्ड होतं, केसांचा पिवळा चाप होता. किल्ली तिनं त्याच्या हातात दिली नाही. मुठीत धरून ती स्वतः पुढे झाली, अंगण ओलांडून शेडमध्ये शिरली. शॉर्टसर्किट भिंतीशी सरकला.

ती त्या बसक्या सीटवर कशीबशी बसली. "कुठं घालायची?"

फोरमननं दाखवलं. तिनं किल्ली फिरवली.

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. गुरगुर नाही, खोकला नाही. एकसारखं, मऊ, जणू सकाळीच कोणी बंद करून ठेवलं असावं. शॉर्टसर्किटच्या तोंडून नकळत "वा!" निघून गेलं आणि त्यानं जीभ चावली.

ती ऐकत राहिली. तिच्या पाठीमागे, एका पत्र्यापलीकडे ते चालत होतं. मग तिनं किल्ली उलटी फिरवून बंद केलं.

"इतकं सोपं?" ती म्हणाली. "मी किती हाका मारल्या होत्या तिला. घसा बसला माझा. आणि हे नुसती किल्ली फिरवली तर..."

ती त्या सीटवरून उठायला धडपडू लागली. फोरमननं हात पुढे केला, पण तो ऑइलनं माखलेला होता आणि ती त्याला न धरताच बाहेर पडली. किल्ली मात्र तिथंच राहिली.

पुढच्या रविवारी सकाळी तो गाडी घेऊन बाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर गेला. आरटीओचं पासिंग अजून व्हायचं होतं, पण त्याला थांबवेना. गाडी सुरेख चालत होती. गिअर लोण्यासारखे पडत होते. पाय दाबला की आधी क्षणभर काहीच होत नसे, मग मानेमागे टर्बो श्वास ओढल्यासारखा शीळ घालायचा आणि रस्ता अंगावर यायचा. आयुष्यभर त्यानं याच्यापेक्षा चांगलं काम केलं नव्हतं, हे त्याला कळत होतं.

आणि आणखी काहीच होत नव्हतं. आपण कशाची वाट बघतोय हे त्याला त्या रस्त्यावर कळलं. इतके महिने एकेक बोल्ट आवळताना त्याला मनातून वाटत होतं, की हे सुरू झालं की पलीकडून काहीतरी येईल. हसणं येईल, एखादा टोमणा येईल, निदान मन हलकं होईल. पण मागे फक्त इंजिन होतं. ते पेट्रोल पीत होतं आणि चाकं फिरवत होतं. आपण कोणाचं होतो हे त्या इंजिनाला माहीत नव्हतं. त्यानं गाडी कडेला घेतली आणि समोरून जाणारी वाहनं बघत बसला.

घरी आला तेव्हा बायको अंगणात कपडे वाळत घालत होती.

"कशी चालते?"

"उत्तम," तो म्हणाला. "काहीच राहिलं नाही आता करायचं." आणि तो तिथंच अंगणाच्या फरशीवर बसला. हॉस्पिटलात रडला नव्हता, नंतर रडला नव्हता, तो आता तोंडावर हात घेऊन रडू लागला. ती ओला कपडा हातात धरून उभी राहिली. जवळ गेली नाही. तिच्यातही तेवढं बळ उरलं नव्हतं.

गाडी शेडमध्ये गेली. फोरमन वर्कशॉपमधून यायचा आणि बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडायचा. वर्कशॉपमध्येही त्याच्या हातून चुका होऊ लागल्या. एका बसचा ऑइलचा बोल्ट आवळायचाच राहिला. मोठ्या साहेबांनी प्रेमानं रजा घ्यायला सांगितलं, तेव्हा त्याची घाबरगुंडी उडाली. रजेत करणार काय?

रजेच्या पहिल्याच सकाळी बायको कामाला गेली नाही. शेडकडची खिडकी तिनं उघडली, बाहेर पाहिलं, आणि येऊन त्याच्या उशाशी उभी राहिली.

"अहो, गाडीखाली ओल दिसतेय."

"नसेल. मी सगळं तपासलंय."

"मला दिसली ना. उघडून बघायला पाहिजे."

तो उठला. शेडमध्ये जाऊन वाकून पाहिलं. फरशी ठणठणीत कोरडी होती. त्यानं मान वळवली. ती दारात उभी होती, पदर खोचून, आणि तिची नजर फरशीकडे नव्हती.

"इंजिन खाली घ्यावं लागेल," तो सावकाश म्हणाला. "बरेच दिवस जातील."

"जाऊ देत. दिवा कुठं धरू?"

त्यानं जागा दाखवली. तिनं दिवा धरला. उजेड नेमका बोल्टांवर पडेल अशी ती वाकली. त्याच उजेडात त्यानं पहिला बोल्ट सैल केला.