शकूताईंच्या नावावरचा फोटो

शकूताई कुणाच्या घरी गेल्या की खुर्चीवर बसायच्या नाहीत. ओट्यावर टेकायच्या, समोरचं सूप ओढायच्या आणि तूर निवडायला लागायच्या. मी नगरला समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात होते. शकूताई एका संस्थेच्या कार्यकर्त्या; क्षेत्रकार्यासाठी कॉलेजने मला जामखेडकडच्या एका गावात त्यांच्या हाताखाली दिलं होतं. पहिल्याच दिवशी मी प्रश्नावली बाहेर काढली. "ठिव ती पिशवीत," त्या म्हणाल्या. "आदी हाताला काम लाव, मग तोंड उघड."

त्यांचा मुलींचा गट दर शनिवारी समाजमंदिरात भरायचा, पण खरं काम चालायचं ते आयांच्या ओट्यावर. "पोरी येत्यात गं. घरच्यांना आपली सवय लागाय पायजे." मला हे फार संथ वाटायचं. दोन वर्षांत समाज बदलायला निघालेली बाई मी, अक्कल तेवढीच.

गटात दहावीतली राणी होती. आईबाप ऊसतोडीला जायचे. तोडीला नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, म्हणून हंगामाआधी पोरींची लग्नं उरकायची रीतच पडलेली. राणीचंही ठरलं होतं. शकूताई चार महिने तिच्या बापाकडे खेटे घालत राहिल्या. शेवटी तो म्हणाला, "परीक्षा हुस्तवर थांबतो. पर पाव्हन्यांना मी माज्या तोंडानं सांगनार. तवर कुटं बोलू नका ताई."

आणि मी काय केलं? माझं मूल्यमापन जवळ आलं होतं. ताई आणि राणीचा फोटो मी संस्थेच्या मोबाईलवरून स्टेटसला टाकला, खाली लिहिलं, 'आमच्या गटाने बालविवाह रोखला.' त्या मोबाईलवर निम्म्या तालुक्याचे नंबर होते. संध्याकाळपर्यंत फोटो पाहुण्यांकडे पोचला. भावकीत बापाची शोभा झाली. तिसऱ्या दिवशी मामाच्या गावात राणीचं लग्न लावून टाकलं. शकूताई ग्रामसेवकाला घेऊन पोचल्या, तेव्हा गाडी पोरीला घेऊन निघून गेली होती.

राणीच्या आईने विचारलं, "कुनी टाकला फोटो?" मी शेजारीच उभी होते.

"मीच टाकला," शकूताई म्हणाल्या.

परतताना मी रडायला लागले. "तुजं नाव निगालं अस्तं तर कॉलेजनं घरी बसवलं अस्तं," त्या म्हणाल्या. "एकीची शाळा बुडाली. दुसरीची बी बुडवू व्हय?" त्यानंतर त्या गावात एकाही ओट्यावर त्यांना कुणी बसू दिलं नाही. गट मोडला. तरी त्या जायच्या आणि बंद दारांवरून माघारी यायच्या. मी पहिल्या श्रेणीत पास झाले. लाज वाटते सांगायला.

मागच्या वर्षी शकूताई वारल्या. त्यांच्या घरी भेटून येताना जामखेडच्या एसटी स्टँडवर राणी दिसली, कडेवर पोर घेतलेली. तिनेच मला ओळखलं.

"शकूताई गेल्या म्हनं," ती म्हणाली. "लई जीव हुता माजा त्यांच्यावर. पर त्यांनी तो फोटो टाकाय नको हुता."

एक वाक्य पुरलं असतं. मी तिच्या पोराच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "हो गं. नको होता टाकायला त्यांनी."