ग्लाइडमधला देवगिरी

जीप दारात उभी होती, आई माझ्या बॅगेत पापडांचा डबा कोंबत होती, आणि दादा मला हाताला धरून आतल्या खोलीत ओढत होता. "दोनच मिनिटं, मीने. एकदा बघून जा." त्यानं गेम सुरू करतात तसं काहीतरी दाबलं. कॉम्प्युटरच्या पोटात टक् असा बारीक आवाज झाला, पडदा क्षणभर काळा पडला आणि समोर देवगिरीचा किल्ला उभा राहिला. खंदकातलं पाणी हलत होतं. मला टोरांटोचं विमान गाठायचं होतं आणि माझा पाय तिथून निघत नव्हता.

त्या काळात ज्यांनी कॉम्प्युटरवर खेळ खेळले त्यांना तो टक् आवाज आठवत असेल. पडद्यावर चित्र काढणारं नेहमीचं कार्ड बाजूला व्हायचं आणि खेळांसाठी वेगळं बसवलेलं कार्ड पडद्याचा ताबा घ्यायचं. या कार्डाशी प्रोग्रॅमरनं बोलायची जी रीत होती तिचं नाव ग्लाइड. दादा शहरात औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात कॉम्प्युटर जुळवायचा. तिथं त्यानं ते पाहिलं आणि पार खुळावला. तोवर खेळातल्या भिंती म्हणजे नुसते ठोकळे. ग्लाइडमुळे दगड खरोखर दगडासारखा दिसायला लागला, पाण्यातून तळ दिसायला लागला, लांबच्या गोष्टींवर धुकं उतरायला लागलं.

दादानं किल्लाच का निवडला, तर आईसाठी. आम्ही दौलताबादचे. आईनं सगळी हयात किल्ल्याच्या पायथ्याशी सीताफळं विकण्यात घालवली, पण वर ती कधीच गेली नाही. आधी सवड नव्हती, पुढं गुडघ्यांनी साथ सोडली. "रोजचाच हाय, कुठं पळून चाललाय," असं म्हणायची. दादा सुट्टीच्या दिवशी किल्ला चढायचा, कमानी आणि पायऱ्या डोळ्यांत भरून आणायचा आणि घरी बसून रचायचा. मी निघाले तेव्हा त्याचं काम 'अंधारी' म्हणतात त्या काळोख्या भुयारापर्यंत आलं होतं. आईला अर्धवट दाखवायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

पुढं किल्ल्याच्या माथ्याजवळची बारादरी पुरी झाली आणि कार्ड जळालं. ग्लाइड एकाच कंपनीच्या कार्डांशी बोलायचं. एव्हाना सगळ्या कार्डांवर चालणाऱ्या दुसऱ्या रीती आल्या होत्या आणि ती कंपनी विकली गेली होती. नव्या कार्डांना दादाचा किल्ला कळेना. फोनवर तो एवढंच म्हणाला, "जाऊ दे, मीने." मग पुष्कळ वर्षं आमच्यात तो विषय निघाला नाही.

इकडं माझं पोटपाणी त्याच धंद्यावर चाललं. नव्या कार्डांना कॉम्प्युटरशी बोलायला लावणारे प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, लिहायचे, हिवाळ्यात गाडीला स्नो टायर चढवायचे. या कामात मुरलेली मी, तरी एका गोष्टीनं थक्क झाले. कुठली कुठली अनोळखी माणसं, कुणी पैसे देत नसताना, ग्लाइड जिवंत ठेवून बसली होती. त्यांनी एक छोटी फाइल लिहिली होती. जुन्या खेळाला वाटतं आपलं जुनं कार्डच समोर आहे, आणि ती त्याचं बोलणं नव्या कार्डाला समजावून सांगते. कशासाठी करत असतील? मला अजून उलगडलेलं नाही, पण त्यांना हात जोडावेसे वाटतात.

यंदा सीताफळांच्या दिवसांत घरी गेले. दादाच्या जुन्या डिस्कवरून किल्ला माझ्या लॅपटॉपवर घेतला, शेजारी ती छोटी फाइल ठेवली आणि आईला समोर खुर्चीत बसवलं. किल्ला उभा राहिला, आईनं बटण दाबलं आणि पडद्यावर ती खंदकावरून थेट बारादरीत जाऊन आदळली. पडद्यावर एक चित्र उमटलं की एक पाऊल पुढं, असं गणित दादानं घातलं होतं, आणि माझं यंत्र पापणी लवायच्या आत शेकडो चित्रं काढत होतं.

"झालं व्हय?" आई म्हणाली. "एवढ्यासाठी लोक तिकीट काढत्यात?"

आम्ही हसून हसून लोळलो. मग दादानं वेग आवरला आणि आई निघाली. अंधारीत तिनं दादाचा हात घट्ट धरला. बारादरीत पोचल्यावर तिनं डोक्यावर पदर घेतला, वर वारा असावा तसा.

"आता खाली बघू दे. आपलं घर कुठंय?"

खाली नुसतं पांढरं होतं. दादा ओशाळला. "तिथं धुकं लावलंय, आई. एवढं सारं काढणं त्या कार्डाला झेपत नव्हतं."

"आता झेपंल," मी म्हणाले. "घर मी करते."

टोरांटोला परत येऊन घर रचायला बसले आणि हात थांबला. पत्र्याचा उतार कुठल्या बाजूला, खिडकी दाराच्या डावीकडं की उजवीकडं, काही खात्रीनं सांगता येईना. तुमच्यातले जे बाहेर पडले, त्यांनी एकदा हे करून बघा. मी घाबरले. शेवटी आईला व्हिडिओ कॉल लावला.

"खिडकीचं राहू दे गं," ती म्हणाली. "आधी मला दारात बसव. म्हंजे वरून कुणालाबी कळंल, आपलं कोणतं ते."

तसंच केलं. सध्या त्या पांढऱ्या धुक्यात आई एकटीच बसलेली आहे. घर तिच्याभोवती बांधायला घेतलंय.