झाकणावरचं कुंकू

हृदयात बसवायच्या प्लास्टिकच्या झडपेवर कॅल्शियम साचू द्यायचं नाही, या एका कामात माझी पीएचडीची चार वर्षं गेली. आई विचारायची, तू नक्की करतेस तरी काय? एकदा मी तिला गिझरची कॉइल दाखवली. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत बोअरचं पाणी, त्यामुळे कॉइलवर पांढरा थर चढलेला. रक्तातलं कॅल्शियमही झडपेवर असंच चढतं, मग झडप कडक होते आणि नीट मिटत नाही. व्हिनेगर घाल की, आई म्हणाली. रक्तात व्हिनेगर घालता येत नाही, एवढीच अडचण होती.

म्हणून मी त्या प्लास्टिकला पाणी धरून ठेवणारा पातळ लेप देत होते, म्हणजे क्षाराला चिकटायला जागाच मिळू नये. लेप दिलेले तुकडे आठवडेच्या आठवडे कॅल्शियमच्या पाण्यात ठेवायचे, मग रंगात बुडवून धुवायचे. कॅल्शियम साचलं असेल तिथे लाल दिसतं. तीन लेप करून झाले, तिन्ही वेळा लालच लाल. चौथ्या वेळी माझ्या गाइड सरांनी शांतपणे सांगितलं, की आता लाल आलं तर विषय बदलू.

चौथ्या लेपाचे तीन तुकडे आणि तुलनेसाठी एक बिनलेपाचा, असे चार तुकडे रंगवून, धुवून डबीत वाळत ठेवले, तो दसऱ्याचा आदला दिवस होता. आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी यंत्रांची पूजा होते. सूक्ष्मदर्शकाला झेंडूची माळ, इन्क्युबेटरला हळदकुंकू. मला राहवलं नाही. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी डबीच्या झाकणावरही चांगलं चिमूटभर कुंकू वाहिलं.

सुट्टीनंतर डबी उघडली आणि लेपाचा पहिला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. लाल. पुढचे दोन मी बघितलेच नाहीत. मी जन्माची उतावळी. सरळ कॅन्टीनमध्ये जाऊन बसले, सगळं संपलं म्हणून आईला फोन केला आणि डोळे पुसत दोन चहा प्यायले.

परत आले तर सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेले. त्यांनी तुकड्यावर हलकेच फुंकर मारली. लाल उडून टेबलावर पडलं. ते बोटावर घेऊन त्यांनी माझ्यापुढे धरलं. सर फार रागावले किंवा फार खूश झाले की विद्यार्थ्यांना अहोजाहो करत.

"अहो, हे कॅल्शियम नाही, कुंकू आहे. बाकीचे दोन तुकडे बघायचे राहिलेत वाटतं."

बघितले. दोन्ही काचेसारखे स्वच्छ, आणि शेजारी बिनलेपाचा लालभडक. मला इतका आनंद झाला की मी सरांच्या देखत रडले. त्यांनी पहिला तुकडा बाद केला, कुंकवात चुना, म्हणजे कॅल्शियमच, असतो म्हणून, आणि सगळा प्रयोग पुन्हा करायला लावला. पुन्हाही लेपाचे सगळे स्वच्छच आले. विषय बदलला नाही.

पुढच्या वर्षी पूजेच्या वेळी सरांनी आपणहून कुंकवाची वाटी माझ्या हातात दिली. डबी मात्र आधीच कपाटात ठेवून कुलूप घातलं होतं.