चॅम्प, अठ्ठेचाळीस हजार

हसायचं असेल तर आधी चहा संपवा. मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला आणि शर्ट माझा खराब झाला.

तर मी निखिल. वय चोवीस. शिक्षण इंजिनिअरिंग. भोपाळमधल्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये जन्मलो, तिथेच वाढलो. पुण्यात चांगली नोकरी लागली होती, ती सोडून मागच्या वर्षी परत आलो. का? तत्त्वासाठी! टाउनशिपमधल्या पोरांना मुक्त (ओपन-सोर्स) सॉफ्टवेअर शिकवायचं, म्हणजे जे कुणीही उघडून वाचावं, बदलावं, वाटावं असं. क्लबच्या बोर्डावर नोटीस लावली. दोघं आले. एकाने विचारलं, "सर्टिफिकेट मिलेगा?" दुसरा त्याच्यासोबत आला होता.

पोटासाठी मंडीदीपला नोकरी धरली. सकाळी बसने जायचं, संध्याकाळी साडेपाचला परत. आणि परत आल्यावर काय? बाबा नोकरीला लागले तेव्हा इथे क्वार्टरसाठी रांग होती म्हणे. आता आमच्या ओळीत सहा क्वार्टर, त्यांतल्या चारांना कुलूप. कुलपांवर गंज, अंगणात कमरेएवढं गवत. लहानपणीचे मित्र पुण्याला, बेंगळुरूला. आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, 'पुलिया गँग'. ज्या पुलियावर, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर, आम्ही बसायचो ती अजून आहे, गँग नाही. ग्रुपवरचा शेवटचा मेसेज माझाच होता. वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्यावर एक अंगठा आला.

अशा दिवसांत मी ते मशीन घेतलं.

तळहाताएवढं. रंग जुन्या फ्रिजसारखा पिवळट. डाव्या हाताला बाणांची बटणं, उजव्या हाताला आणखी चार. टीव्हीला जोडायचे ते तीस वर्षांपूर्वीचे गेम यात चालतात आणि आतलं सगळं सॉफ्टवेअर ओपन-सोर्स! आईने विचारलं, "फोनमध्ये फुकट मिळतात ना रे गेम?"

झालं! मला एवढंच पाहिजे असतं.

"आई, फोन तुझा नाही. फोन कंपनीचा आहे, तू फक्त चार्ज करतेस! याला लॉगिन नाही, जाहिराती नाहीत, कुणी तुझ्यावर नजर ठेवत नाही. चार स्क्रू काढ, बॅटरी स्वतः बदल!"

"मला कशाला बदलायचीय बॅटरी? त्या भेंड्या चिरून दे."

मशीन जुनंच घेतलं होतं, अयोध्या नगरमधल्या एका मोबाइलच्या दुकानातून. दुकानदार म्हणाला होता, "टाउनशिप के ही एक धोटे अंकल का पीस है. बेटे ने बाहर से भेजा था. डिब्बा तक वैसा का वैसा है, भैया."

डबा तसाच्या तसा. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

त्यात एक पाणबुडीचा गेम होता. लहानपणी आम्ही जो खेळायचो तोच, कुण्या हौशी लोकांनी नव्याने लिहिलेला. मोती गोळा करायचे, माशांपासून वाचायचं. शेवटी नावांचा तक्ता यायचा. त्यात एकच ओळ: चॅम्प, ४८०००.

अहाहा! म्हणजे आपल्याआधी कुणीतरी खेळून गेलंय. मी पेटलो. रोज संध्याकाळी त्या रिकाम्या पुलियावर बसून खेळायचो. अकराव्या दिवशी माझे झाले ४८३००! नाव टाकलं, बटण दाबून मशीन बंद केलं आणि घरी जाऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केलं. तक्त्यात: चॅम्प, ४८०००.

माझं नाव? नाही. दुसऱ्या नंबरावरही नाही! साफ पुसलेलं!

त्या आठवड्यात मी आणखी एकदा वर गेलो. परत तेच. चॅम्प हजर, मी गायब.

आता मशीन घरच्या वाय-फायला जोडलेलं होतं. मी निष्कर्ष काढला (मी निष्कर्ष फार लवकर काढतो) की तक्ता नेटवरून सगळ्यांचा एकच आहे आणि कुणीतरी रोज येऊन मला खाली ढकलतंय. तुम्ही म्हणाल, अरे, रोज बरोब्बर अठ्ठेचाळीस हजारच कसे? शंका नाही आली?

नाही आली. उलट खात्री पटली! मी टाउनशिपचा आहे हो. आमच्याकडे कारखान्याला वर्षाचं टार्गेट मिळतं आणि मार्चअखेर काम बरोबर तेवढंच होतं. कमी नाही, जास्त नाही. जास्त केलं तर पुढच्या वर्षीचं टार्गेट वाढवतात! मी म्हटलं, हा आपल्याच कारखान्यातला माणूस. रोज बसतो, अठ्ठेचाळीस हजार करतो, एकही मोती जास्त उचलत नाही, हात पुसून उठतो. काय ही शिस्त!

आणि हा माणूस कोण? अर्थातच धोटे अंकल! जुनं मशीन विकून नवं घेतलं असणार. खरा शौकीन!

त्याच सुमारास पुण्याहून सोहेलचा फोन आला. आम्ही तिथे एका खोलीत राहायचो. म्हणाला, "निक्या, तुझी कॉट अजून रिकामी आहे. महिनाअखेरपर्यंत सांग, नाहीतर दुसऱ्याला देतो. तिथे आहे कोण तुझं?"

"आहे एक," मी म्हटलं. "माझ्यासारखाच आहे. तो भेटला तर मी इथेच राहतो."

"तो की ती?"

"चॅम्प!" म्हणून मी फोन ठेवला.

रविवारी धोटे काकांचं दार वाजवलं. काका निवृत्त, मूळचे नागपूरचे, कारखान्यात वाइंडिंगला होते, म्हणजे तांब्याच्या तारेच्या कॉइली गुंडाळायचे. काकू गेल्या, मुलगा परदेशात. दार उघडायलाच त्यांना दोन मिनिटं लागली. कडी कडक झाली होती.

मी मशीन पुढे धरलं. काका दचकले. "हे परत आणलं का? मी परत नाही घेणार, सांगून ठेवतो!"

"काका, काही बोलू नका. मला सगळं कळलंय. चॅम्प तुम्हीच ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हीच! अठ्ठेचाळीस हजार! रोज मला हरवता आणि परत विचारता 'म्हणजे'? तुम्ही वाइंडिंगला होता ना? तरीच हात इतका स्थिर! बरोबर?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यामागे रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. म्हणाले, "चहा घेशील?"

मी तो होकार समजलो.

मग दर रविवारी जायला लागलो. मी खेळायचो, काका शेजारी बसून सल्ला द्यायचे. "घाई नको करू, बाबू. कॉइलचा एक वेढा सुटला तं अख्खी कॉइल उकलावी लागते." मला त्यात गहन अर्थ दिसायचा. मी ते वहीत लिहून ठेवायचो!

"काका, काल मी पुन्हा वर गेलो होतो आणि तुम्ही पुन्हा मला पुसलंत!"

"पुसलं असंल."

"तुमचं नवं मशीन कुठंय?"

"आत आहे." आणि मग पोह्यांची बशी यायची. पोहे खाणारा माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

चौथ्या रविवारी मी सोहेलला कळवलं: कॉट देऊन टाक.

इथे थांबलो असतो तर तुम्हाला सांगायला काही उरलं नसतं. पण मला थांबता येतं का? मी क्लबचे सेक्रेटरी मिश्राजी यांना गाठलं. म्हटलं, आपल्या टाउनशिपमध्ये एक अजिंक्य खेळाडू आहे, वय सदुसष्ट! क्लबमध्ये सामना ठेवू, पोरं येतील, मी ओपन-सोर्सवर दोन शब्द बोलीन. मिश्राजी म्हणाले, "दो ही शब्द बोलना. तंबोला के बाद, समोसे से पहले."

काकांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. "माझा गुडघा दुखून राहिला."

"गेम हाताने खेळतात, काका."

"त्या दिवशी नळवाला येणार आहे."

"रविवारी?"

मला वाटलं, काय हा विनय!

क्लबमध्ये चाळीसेक लोक होते. परत आल्यापासून मी टाउनशिपमध्ये एका जागी इतकी माणसं पाहिली नव्हती. प्रोजेक्टर लावला, मशीन जोडलं. मी दोन शब्दांऐवजी दोनशे बोललो आणि मशीन काकांच्या हाती दिलं.

काकांनी ते उलटं धरलं.

"काका, उलटं आहे," मी कुजबुजलो.

त्यांनी सुलटं केलं. पाणबुडी थेट खाली गेली आणि तळाशी जाऊन बसली. मोती शून्य. मिश्राजी माइकवर म्हणाले, "चैंपियन साहब वार्मअप कर रहे हैं!" पुन्हा सुरू केलं. पाणबुडी पुन्हा तळाशी. एक मासा आला, दोनदा वास घेतल्यासारखं केलं आणि खाऊन टाकली.

काकांनी मशीन अलगद टेबलावर ठेवलं. "मी हे कधी खेळलोच नाही," ते म्हणाले. "डबाच उघडला नव्हता."

"पण काका, तुम्ही 'हो' म्हणालात!"

"कधी म्हणालो? तू विचारत गेला, उत्तरंही तूच देत गेला. मी फक्त चहा टाकला."

सभागृहात खसखस पिकली. माझे कान तापले. शहाणा माणूस इथे समोसा उचलून घरी गेला असता. मी काय केलं? माइक ओढला!

"ठीक आहे! मग चॅम्प कोण आहे ते आत्ताच्या आत्ता दाखवतो. हीच तर ओपन-सोर्सची ताकद! इथे काही लपत नाही! कुणीही उघडून वाचू शकतो!"

लॅपटॉप जोडला, गेमचा कोड उघडला, 'चॅम्प' शोधलं. भिंतीवर सहा फूट रुंद ओळी आल्या. इंग्रजीत होत्या, पण मिश्राजींनी माझ्या विनंतीशिवायच हिंदीत अनुवाद करून मोठ्याने वाचल्या: पुराना रिकॉर्ड न मिले, तो नाम चॅम्प रखो, अंक अड़तालीस हजार. आणि शेजारी, लिहिणाऱ्याने स्वतःसाठी केलेली टीप: खाली तख़्ता उदास लगता है. कोई तो होना चाहिए.

कोई तो होना चाहिए!

दोन महिने मी ज्याच्याशी लढलो तो माणूसच नव्हता. कुणालातरी रिकामा तक्ता बघवला नाही म्हणून त्याने तिथे एक नाव लिहून ठेवलं होतं. जगातल्या प्रत्येक मशीनमध्ये तोच चॅम्प, तेवढेच अठ्ठेचाळीस हजार. आणि अख्ख्या टाउनशिपला 'उघडा आणि वाचा' म्हणून सांगत फिरणाऱ्या मी ती फाइल एकदाही उघडली नव्हती!

लोक हसले. हसणारच. समोसे हातात आले तरी हसत होते.

एकटे काका हसत नव्हते. भिंतीकडे पाहत म्हणाले, "पण तुझं नाव काहून पुसलं जाते? तू मशीन बंद कसं करतोस?"

मी दाखवलं. बटण दाबून धरायचं, तीन सेकंदांत बंद. मेन्यूत जा, बाहेर पडा, 'नक्की का?' विचारलं की हो म्हणा, एवढा वेळ कुणाला आहे?

"थेट मेन स्विच ओढतोस?" काका जवळजवळ ओरडले. "अबे, आधी मशीन थांबवायचं, मग सप्लाय! हे आम्हाला कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवते! त्याला नोंद लिहायला तरी वेळ देशील की नाही?"

म्हणजे मला रोज पुसणारा मीच होतो.

परतताना आम्ही दोघं त्या कुलपांच्या ओळीतून चालत आलो. मी म्हटलं, "पहिल्याच दिवशी सरळ नाही म्हणायचं ना, काका."

"म्हटलं असतं तं दुसऱ्या रविवारी आला असतास?"

मी वाटेतला एक खडा लाथेने उडवला.

"मुलाने पाठवलं होतं," ते म्हणाले. "म्हणे, बाबा, आपण दोघं नेटवरून खेळू, त्याने वेळ काढला की. त्याचा वेळ काही निघाला नाही. एकट्याने डबा उघडायचा तरी कशाला? म्हणून विकला. तू काहून घेतलं?"

मी सुरू केलं: लॉगिन नाही, जाहिराती नाहीत, चार स्क्रू, बॅटरी...

"अन् खरं कारण?"

पुलिया आली होती. लहानपणी हा गेम आम्ही खेळायचो तेव्हा पडद्यावर दोन पाणबुड्या असायच्या. एक माझी, दुसरी ज्याचा नंबर असेल त्याची. गेम सुरू करताना मशीन आजही विचारतं, खेळाडू एक की दोन? मी दोन महिने 'एक' दाबत होतो.

हे मी काकांना सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "शिकवू का तुम्हाला?"

याला आता सहा महिने झाले. मशीन आठवडाभर काकांकडे असतं, रविवारी मी जातो. मुलाचा अजून वेळ निघालेला नाही. दाराची कडी मात्र आता सैल झालीय. मशीन कसं बंद करायचं त्याची पायऱ्या-पायऱ्यांची चिठ्ठी काकांनी त्याच्या पाठीवर चिकटवलीय, सुवाच्य अक्षरात, खाली सहीसकट.

परवा सोहेलने विचारलं, "काय मग, चॅम्पला हरवलंस का?"

त्याला काय सांगू? मी चॅम्पला हरवलं होतं, एकदा नाही, चारदा हरवलं होतं! पण त्याचा या जगात कुठेही पुरावा नाही. आणि नीट बंद करायला लागल्यापासून मला ते एकदाही जमलेलं नाही.

मागच्या रविवारी तक्ता उघडला. पहिला नंबर: धोटे, ४८०१०. टार्गेटपेक्षा दहा जास्त. "रिटायर झालो ना," काका म्हणाले, "आता वाढवू दे वाढवलं तं."

मी लगेच लॅपटॉप काढून अख्खा कोड वाचला. त्यात 'धोटे' कुठेही नाही.

दुसरा नंबर चॅम्प. जो माणूसच नाही.

तिसरा मी.