आकडा शून्य हवा

घाबरले की मी फार ठासून बोलते. ही खोड अजून गेलेली नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी जळगावला एका औषध-वितरक कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होते. मुख्य गोदाम जळगावला, डेपो धुळ्याला. दोन्हीकडच्या मशीनवर मेसेज क्यूचं नवं सॉफ्टवेअर बसवलं होतं. धुळ्याची मागणी मेसेज होऊन निघायची. लाइन बंद असली तर रांगेत थांबायची आणि लाइन आली की आपोआप जळगावला पोचायची. ही रांग सांभाळायला डेपोतल्या माणसांना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण पुण्याला आठ दिवस प्रशिक्षण घेऊन आलेली मी एकटीच. त्या आठ दिवसांत मला निम्मं समजलं होतं. उरलेलं निम्मं कोणी विचारू नये, असा मनातल्या मनात धावा करतच मी धुळ्याच्या बसमध्ये चढले.

वर्गात पहिल्या बाकावर आबा. तीस वर्षं डेपोचं स्टोअर सांभाळलेले, निवृत्तीच्या तोंडावर कॉम्प्युटरला जुंपलेले. मी फळ्यावर लिहिलं, ‘संध्याकाळी रांगेतला आकडा शून्य हवा.’

“आनि शून्य नही दिसना तं काय करानं, ताई?” आबांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. मागे जळगावहून आलेले आमचे मॅनेजर साहेब बसलेले.

“शून्य करायचा!” मी ठणकावून सांगितलं आणि घाईघाईने पान उलटलं. वाटलेल्या कागदावर रांग रिकामी करायची कमांडही होतीच.

जाता जाता आणखी एक शहाणपण केलं. तोवर तातडीची मागणी चिठ्ठीवर यायची. धुळ्याचा एसटी कंडक्टर ती जळगाव स्टँडवरच्या चहावाल्याकडे ठेवायचा आणि आमचा शिपाई दिवसातून दोनदा घेऊन यायचा. चिठ्ठ्या आता बंद, असं मी जाहीर केलं आणि जळगावला परतल्यावर शिपायाची फेरीही बंद करवली.

श्रावणात पारोळ्याजवळ रस्ता खोदताना केबल तुटली. फोन, लाइन, सगळं दोन दिवस मुकं. मी मात्र मिरवत होते, काळजी नको, मेसेज रांगेत सुखरूप आहेत. तिसऱ्या दिवशी दुपारी लाइन आली. मी पडद्यासमोर बसून राहिले. एकही मेसेज आला नाही. शेवटी धुळ्याला फोन लावला.

“बठ्ठं साफ शे, ताई!” आबांचा आवाज खुशीत. “दोन्ही दिन सांजले आकडा शून्य करी टाका. शून्य कया म्हंजे बठ्ठं जळगावले गयं ना?”

जळगावला काहीच गेलं नव्हतं, सगळं पुसलं गेलं होतं.

“काय होतं त्यात, आबा?”

“बठ्ठं ध्यानमा नही. पन सापना इंजेक्शननी मागनी व्हती. डेपोमा एक बी नही उरनं.”

मी जळगावजवळच्या असोदा गावची. निंदणीच्या दिवसांत कपाशीत पाय टाकण्याआधी साप पळावेत म्हणून बाया कशा जमीन दणदणवतात, ते पाहतच मोठी झालेली. दोन दिवस! तिकडच्या कुठल्या दवाखान्यात कोणाला बैलगाडीतून आणलं असेल, डॉक्टरांनी रिकामं कपाट दाखवलं असेल.

“म्हनीसन तं यष्टीमा चिठ्ठी बी दीधी,” आबा चोरट्या आवाजात म्हणाले. “तुमी नको सांगेल व्हतं, पन मना जीव ऱ्हायना नही.”

मी रिक्षाने स्टँड गाठलं. चहावाल्याने साखरेच्या डब्याखालून चिठ्ठी काढली. “तुमचा माणूस येईना झाला, म्हणून ठेवून दिली,” तो म्हणाला. परवाची होती. बर्फात बांधलेली इंजेक्शनं पुढच्याच बसने धुळ्याला गेली.

त्या दोन दिवसांत कोणाला आणलं होतं का, हे मी कधीच विचारलं नाही. उत्तराची भीती वाटत होती. आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांनी आबांना फोनवर फैलावर घेतलं. मी समोरच उभी होते. फोनमधला आवाज मला स्पष्ट ऐकू आला, “चूक मनी शे, साहेब.” मी टेबलावरची फाइल उचलली आणि बाहेर आले.

पुढच्या महिन्यात पुन्हा धुळ्याला वर्ग झाला. पहिल्या बाकावर आबा, मागे मॅनेजर साहेब. मी तेच वाक्य फळ्यावर लिहिलं आणि आबांनी तोच प्रश्न विचारला. “शून्य नही दिसना तं काय करानं, ताई?”

“हात लावायचा नाही,” मी म्हटलं. “लाइन यायची वाट बघायची.” मग मागे मॅनेजर साहेबांकडे पाहिलं. “आणि मागच्या वेळी हे मीच चुकीचं शिकवलं होतं.”

आबांनी पहिली दोन वाक्यं वहीत लिहून घेतली. तिसरं न लिहिताच पेनाला टोपण लावलं.